सभेतले भाषण नेमके कोणासाठी असते?

खुर्चीमोजणीस (धागाकर्ता)

मी सोलापुरातील एका शाळेत शिक्षक आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझी नेमणूक सभांचे चित्रीकरण करणाऱ्या पथकात झाली होती. हे काम ज्यांच्या वाट्याला आलेले नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप आधी सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघाला आहे. सभा सुरू होण्यापूर्वी पथकाने मैदानावर पोचायचे, कॅमेरा चालू करून कार्यक्रमाचा प्रकार, तारीख, ठिकाण, पक्ष आणि उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारायचे, आणि मग व्यासपीठाची लांबी-रुंदी, खुर्च्या, कमानी, फलक, झेंडे, बाहेर उभ्या असलेल्या वाहनांचे क्रमांक असे एकेक चित्रात घेत फिरायचे. त्यावरून दुसरे पथक जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे खर्च मांडते आणि उमेदवाराने दाखवलेला खर्च त्याच्याशी ताडून पाहिला जातो, कारण विधानसभेसाठी खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. भाषणही आम्ही चित्रित करतो, परंतु ते पाहिले जाते ते आचारसंहितेचा भंग झाला का, एवढ्यापुरतेच. खुर्चीला दर आहे, चहाला दर आहे. भाषण मात्र फुकट धरले जाते.

त्या पंधरवड्यात माझ्या वाट्याला अकरा सभा आल्या. पक्षांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण जे लिहिणार आहे ते सर्वांनाच सारखे लागू आहे. मुख्य वक्ता येईपर्यंत स्थानिक मंडळी आळीपाळीने बोलत राहतात. त्यांना वेळ मारून न्यायची असते, हे त्यांनाही ठाऊक असते आणि समोरच्यांनाही. ताफ्याचा सायरन ऐकू आला की बोलणारा वाक्य अर्धवट सोडून घोषणा देऊ लागतो. मुख्य भाषणाची पहिली सात-आठ मिनिटे पत्रकारांचे कॅमेरे चालतात, मथळ्यापुरते वाक्य मिळाले की तिपाया मिटल्या जातात, आणि त्याच सुमारास मागच्या रांगांतील बायका उठू लागतात, कारण त्यांना घेऊन आलेला टेम्पो परत जायच्या घाईत असतो. एका दुपारच्या सभेत ऊन असह्य झाल्यावर मागची मुले चक्क खुर्च्या उलट्या करून डोक्यावर धरून उभी राहिली. वक्ता त्या वेळी 'समोर बसलेल्या अथांग जनसागराला' उद्देशून बोलत होता. मी ते दृश्य घेतले. मात्र त्या खुर्च्या मोजायच्या की नाहीत, यावर आमच्या पथकात थोडा वाद झाला.

माझी शंका अशी आहे. सभेला येणाऱ्यांपैकी काहींचे मत आधीच ठरलेले असते, काहींना आणलेले असते, काही नुसतेच नेता पाहायला येतात; ज्याचे मत खरोखर डळमळीत आहे असा मनुष्य संध्याकाळी घरी बसून मालिका पाहत असतो. मग एवढा खटाटोप करून, गळ्याच्या शिरा ताणून, हे भाषण कोणाला ऐकवले जाते? पूर्वी त्याचा काही उपयोग होता आणि आता तो संपला आहे, की तो कधीच नव्हता आणि आपण उगाच जुन्या वक्त्यांच्या आठवणी काढतो? ज्यांनी सभा जवळून पाहिल्या आहेत त्यांनी लिहावे, अशी विनंती आहे.

कनात

आमचा मंडप आणि ध्वनिक्षेपकाचा धंदा वडिलांपासूनचा आहे, त्यामुळे सभेची मागची बाजू मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वडिलांच्या वेळी पहिला प्रश्न असे तो 'भोंगे किती लावणार' हा. पार्क मैदानावर सभा असली की आवाज नवी पेठेपर्यंत गेला पाहिजे, अशी अट असे. आता मागणी येते ती आधी एलईडी पडद्याची, मग क्रेनवरच्या कॅमेऱ्याची, आणि आवाजाची चौकशी सर्वात शेवटी होते, तीही 'समोर नीट ऐकू येईल ना' अशी नव्हे, तर 'रेकॉर्डिंगला थेट वायर द्या' अशी.

दुसरा बदल खुर्चीचा आहे. पूर्वी लोक सतरंजीवर किंवा नुसत्या जमिनीवर बसत, दाटीवाटीने बसत, आणि दाटीत बसलेला मनुष्य मध्येच उठत नाही, कारण त्याला चार जणांच्या मांड्या ओलांडाव्या लागतात. खुर्ची आल्यापासून उठणे सोपे झाले. शिवाय रिकामी सतरंजी दिसत नाही, रिकामी खुर्ची मात्र लांबून दिसते. म्हणून आम्हाला सांगितले जाते की खुर्च्या सैल मांडा, म्हणजे कमी माणसांत मैदान भरलेले दिसते. धागाकर्त्यांनी हे मोजताना लक्षात घेतले असेलच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे 'डी'. मोठ्या नेत्याची सभा असली की व्यासपीठ आणि पहिली रांग यांच्यामध्ये सुरक्षेसाठी मोकळी जागा सोडावी लागते, तिला आमच्यात डी म्हणतात. ही जागा नेत्याच्या दर्जाप्रमाणे वाढत जाते. वडील सांगत की पूर्वी पहिल्या रांगेतला माणूस चिठ्ठी पुढे सरकवायचा आणि वक्ता ती वाचून उत्तर द्यायचा. आज ती चिठ्ठी डी ओलांडणार कशी?

उजनीकाठ

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर 'काहीही उपयोग नाही' हेच आहे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी स्वतःचा एकही उमेदवार उभा न करता राज्यभर सभा घेतल्या. 'लाव रे तो व्हिडिओ' हे वाक्य लहान पोरांच्याही तोंडी झाले. त्यातील एक सभा मतदानाच्या तोंडावर आपल्या सोलापुरातही झाली आणि तिला तोबा गर्दी होती. १८ एप्रिलला येथे मतदान झाले आणि ज्यांच्याविरुद्ध ते बोलले होते त्याच पक्षाचा उमेदवार निवडून आला. वक्तृत्व म्हणून त्या सभांना नावे ठेवायला जागा नव्हती. पुरावा दाखवून बोलण्याची ती पद्धतही नवी होती. तरीही श्रोत्यांनी टाळ्या एकीकडे दिल्या आणि मते दुसरीकडे. करमणूक म्हणून सभा ऐकायची आणि मत आपल्या हिशोबाने द्यायचे, हे लोकांना उत्तम जमते.

शिवाय नियमाप्रमाणे रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. उशिरा पोचलेला नेता नुसते हात जोडून, चारही बाजूंना वळून नमस्कार करून निघून जातो, आणि तीन तास ताटकळलेले लोक समाधानाने घरी परततात. मी हे स्वतः पाहिले आहे. एक शब्दही न बोलता सभा यशस्वी होत असेल, तर शब्दांचे महत्त्व किती, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा_तास

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. उजनीकाठ यांचा निष्कर्ष अगदीच निराधार नाही. १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत त्याच त्या मतदारांना पुनःपुन्हा भेटून पाहणी केली होती. प्रचाराने माणसे एका बाजूची दुसऱ्या बाजूला फारशी जात नाहीत, उलट जेथे आहेत तेथेच अधिक घट्ट होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे ही तक्रार रील आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीची आहे.

परंतु त्याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती धागाकर्त्यांच्या 'घरी बसलेल्या माणसा'शी संबंधित आहे. प्रचार बहुतेकांपर्यंत थेट पोचत नाही. तो राजकारणात रस असलेल्या काही थोड्या लोकांकडे पोचतो आणि ते तो आपल्या भाषेत इतरांना सांगतात. आपल्याकडे हे काम चहाची टपरी, केशकर्तनालय आणि मंगल कार्यालयातील पंगत करते. सभेला गेलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी 'काल साहेब काय म्हणाले' हे सांगताना त्यात स्वतःची भर घालतो, आणि ऐकणारा साहेबांवर नव्हे तर त्या सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतो. तेव्हा भाषण हे श्रोत्याचे मत बदलण्यासाठी नसून, श्रोत्याला दुसऱ्याशी बोलण्यासाठी मुद्दे पुरवण्यासाठी असते, असे म्हणता येईल. त्या दृष्टीने पाहिल्यास मत ठरलेल्यांचीच सभा भरणे यात काहीही गैर नाही.

खुर्चीमोजणीस

उजनीकाठ, २०१९ चेच दुसरे उदाहरण आपण सोडून दिले आहे. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात शरद पवार यांनी भर पावसात केलेले भाषण आणि त्यानंतर लोकसभेच्या पोटनिवडणुकीत तेथे त्यांच्या उमेदवाराचा झालेला विजय सर्वांना आठवतो. अर्थात पाऊस पडला म्हणून मते पडली, असे मी म्हणणार नाही. त्या एका संध्याकाळने किती मते फिरली हे कोणालाही सांगता येणार नाही. मला वेगळेच कुतूहल आहे. त्या भाषणाचे छायाचित्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे, पण ते काय बोलले हे विचारले तर दहातील नऊ जण गप्प होतात. ते असे म्हणाले होते की लोकसभेला उमेदवार निवडताना आपल्याकडून चूक झाली आणि ती आपण जाहीरपणे कबूल करतो. राजकारणी मनुष्याने आपली चूक मैदानात उभे राहून मान्य करणे ही पावसाहून दुर्मिळ गोष्ट होती, आणि नेमकी तीच छायाचित्रात दिसत नाही.

होटगीरोड

मला वाटते आपण सर्व जण चुकीच्या जागी पाहत आहोत. आज सभा ही भाषणासाठी होत नाही; ती तीस सेकंदांच्या तुकड्यांसाठी होते. वक्त्याचे लक्ष समोरच्या पाच हजारांवर नसते, तर त्या तुकड्याचे पाच लाख प्रेक्षक त्याच्या नजरेसमोर असतात, म्हणून तो दर दोन मिनिटांनी एक टोला मारतो आणि टोल्याच्या आधी व नंतर थांबतो, म्हणजे कापायला सोपे जाते. माझा एक मित्र एका उमेदवारासाठी हे कापण्याचे काम करत होता. चाळीस मिनिटांच्या भाषणातून सहा तुकडे काढायचे आणि उरलेले टाकून द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. टाकून दिलेल्या भागातच मतदारसंघाबद्दलचे सगळे बोलणे असायचे, असे तो सांगतो.

अर्थात भाषणाने फायदा होतो की नाही याबद्दल शंका असली, तरी नुकसान नक्की होते. २०१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील एक शेतकरी उजनी धरणाच्या पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. इंदापूर तालुक्यातील एका सभेत तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी त्याची ज्या शब्दांत टिंगल केली, ते शब्द येथे लिहिण्याची गरज नाही. सोलापुरात ते कोणीही विसरलेले नाही. त्यांना माफी मागावी लागली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेश करावा लागला. रील नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे.

पूर्वभाग

येथे आतापर्यंत जी चर्चा झाली ती सगळी मराठीतल्या भाषणांची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माझी आई चाळीस वर्षे विड्या वळत होती. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते आणि आईला मराठी समजते, परंतु मैदानावरची मराठी समजत नाही. तेथे 'कटिबद्ध', 'सर्वांगीण', 'ऐतिहासिक' असे शब्द येतात आणि आईच्या मते हे शब्द आले की समजायचे, आता कामाचे काही येणार नाही. आमच्या भागातील सभांत कन्नड, उर्दू आणि तेलुगूतून दोन-दोन वाक्ये बोलण्याची पद्धत आहे. बहुतेक वक्ते ती पाठ करून येतात. 'अंदरिकी नमस्कारम' (सर्वांना नमस्कार) म्हटले की टाळ्या पडतात, आणि पुढचे सगळे पुन्हा मराठीत सुरू होते. टाळ्या खऱ्या असतात, हेही सांगायला हवे. आपली भाषा व्यासपीठावरून ऐकू येणे यालाही किंमत आहे.

परंतु आई ज्या सभांना स्वतःहून, काम टाकून जायची त्या वेगळ्या होत्या. कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीतील घरे मिळण्याआधी कित्येक वर्षे कामगारांच्या सभा होत असत. त्या सभांत कामगार नेते नरसय्या आडम मास्तर किंवा युनियनचे इतर लोक उभे राहून सांगत की अमुक कागद अमुक कार्यालयात अडकला आहे, अमुक इतका हप्ता भरायचा आहे, केंद्राचे इतके मिळणार आणि राज्याचे इतके. आई घरी येऊन मला ते आकडे जसेच्या तसे सांगायची आणि मी ते वहीत लिहायची, कारण तिला लिहिता येत नव्हते. त्याला भाषण म्हणावे की हिशोब म्हणावा, हे मला ठरवता येत नाही. हजार विड्यांमागे किती छाट (नापास ठरलेल्या विड्या) निघाली याचा हिशोब रोज देणाऱ्या बाईला असेच बोलणे ऐकायची सवय असते.

तीस हजार घरांच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि पहिल्या १५,००० घरांचे वाटपही १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते झाले. दुसऱ्या समारंभात लहानपणी आपल्यालाही असे घर मिळाले असते तर, असे म्हणताना पंतप्रधानांचा कंठ दाटून आला, आणि देशभर तेवढीच बातमी झाली. मला मात्र पहिल्या समारंभाचे उदाहरण या धाग्यासाठी अधिक महत्त्वाचे वाटते. त्या व्यासपीठावर आडम मास्तरांनी पंतप्रधानांचे कौतुक केले आणि त्याबद्दल त्यांच्या मार्क्सवादी पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. पक्षाचे बरोबर की मास्तरांचे, या वादात मी पडत नाही. माझा प्रश्न उजनीकाठ यांना आहे की शब्द जर इतके निरर्थक असतील, तर चार कौतुकाच्या वाक्यांसाठी एका जुन्या कार्यकर्त्याला एवढी शिक्षा देण्याची गरज पक्षाला का वाटावी?

उजनीकाठ

पूर्वभाग यांचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो माझ्याच बाजूचा आहे. ज्या सभांचा उपयोग झाला त्या निवडणुकीच्या सभाच नव्हत्या. मागे एक संघटना होती, कागदपत्रे होती, मोर्चे होते. भाषण त्या कामाची माहिती देत होते. काम काढून टाका आणि उरते ते 'कटिबद्ध'. आपल्या विमानसेवेचेच पाहा. किती निवडणुकांत ती भाषणांतून उडाली, याची गणती नाही. प्रत्यक्षात १५ जून २०२३ ला विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली आणि जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान उडाले. हे न्यायालयातील दाव्यांनी, आदेशांनी आणि फायलींनी घडवले. भाषणांनी घडवले असते तर आपण वीस वर्षांपूर्वीच उडालो असतो.

निवृत्त_लघुलेखक

मी विधिमंडळाचे कामकाज बरीच वर्षे जवळून ऐकले आहे, त्यामुळे मैदानापेक्षा सभागृहाबद्दल लिहितो. तेथील भाषणाची स्थिती मैदानापेक्षा वाईट आहे की चांगली, हे ठरवणे कठीण आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ लागले. घोडेबाजाराला आळा घालण्यासाठी ते आवश्यक होते, परंतु त्यामुळे सभागृहातील भाषणाचा मूळ हेतूच अडचणीत आला. तुम्ही कितीही बिनतोड बोललात आणि समोरच्या सदस्याला ते मनोमन पटले, तरी त्याला मत आपल्या पक्षाच्या आदेशाप्रमाणेच द्यावे लागते. मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी विश्वासदर्शक ठरावावर बोलले आणि मतदान होण्याआधीच राजीनामा देण्यासाठी राष्ट्रपतींकडे गेले. सभागृहात आकडे जसे होते तसेच राहिले. परंतु दूरदर्शनवरून ते भाषण घराघरांत ऐकले गेले, आणि माझ्या माहितीतले कित्येक विरोधकही ते आजही आदराने आठवतात.

तरीही सभागृहात एक सोय आहे जी होम मैदानावर नाही. मंत्री सभागृहात उभा राहून 'चौकशी करू', 'तीन महिन्यांत अहवाल ठेवू' असे म्हणाला की ते आश्वासन ठरते, त्याची नोंद होते, आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. समितीच्या कामाचा वेग हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी बोललो तर धागा भरकटेल. पण निदान कागदावर शब्दाला मालक मिळतो. तोच मंत्री मैदानावर तेच बोलला तर आश्वासन म्हणून त्याची नोंद कोणाकडेही नसते. जाहीरनाम्यांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की त्यातील आश्वासने ही भ्रष्ट मार्ग ठरत नाहीत. त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास मात्र निवडणूक आयोगाला सांगितले. मैदानावरच्या भाषणाला तर जाहीरनाम्याएवढाही कागद नाही.

आपल्या जिल्ह्यातले गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले. मी ऐकलेल्या त्यांच्या भाषणांत ठेका नसे, कोटी नसे, टाळीसाठी सोडलेली जागा नसे. कोणत्या गावाला पाणी कोठून आणि कोणत्या वर्षी येणार होते व का आले नाही, हे ते शांतपणे मांडत. लघुलेखकाला असा वक्ता फार आवडतो, कारण त्याचे प्रत्येक वाक्य पूर्ण होते. मैदानी वक्त्यांची निम्मी वाक्ये क्रियापदाविना लटकत असतात. ती आम्हालाच पूर्ण करावी लागत.

जुनीगिरणी

वयाने मी बहुधा येथे सर्वांत मोठा असेन. शाळेत असताना आम्हाला सोलापूरच्या चार हुतात्म्यांची माहिती तोंडपाठ करावी लागे, म्हणून एक जुनी बाजू मांडतो. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, त्याची बातमी आली आणि शहर पेटले. ८ मेला गोळीबार झाला आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत येथे लष्करी कायदा होता. झेंडा हातात धरला म्हणून शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी देण्यात आली. यांपैकी कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचे पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत वावरत.

तेव्हा बोलण्यासाठी उभे राहणे हेच एक कृत्य होते. ऐकायला जाणाऱ्यालाही धोका होता आणि बोलणाऱ्याला तर होताच, म्हणून शब्दाला वजन येत असे. आज बोलणाऱ्याला कोणताच धोका नाही, ऐकणाऱ्याला तर येण्याजाण्याची सोय आहे. वक्ते कमी प्रतीचे झाले, असे मला वाटत नाही. तेव्हाही कंटाळवाणे बोलणारे भरपूर होते, फक्त त्यांच्या आठवणी कोणी लिहीत नाही.

तिसरा_तास

जुनीगिरणी यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. धोका आजही आहे, फक्त तो सरकारकडून असेलच असे नाही; होटगीरोड यांनी दिलेले इंदापूरचे उदाहरण आणि पूर्वभाग यांनी दिलेले आडम मास्तरांचे उदाहरण हे दोन्ही बोलल्याची किंमत मोजण्याचेच आहेत. उलट मला असे दिसते की हा धोका ओळखल्यामुळेच वक्ते ठोस बोलणे टाळतात. आकडा सांगितला की तो पुढे कोणीतरी दाखवणार, तारीख सांगितली की ती उलटून जाणार. 'कटिबद्ध' या शब्दाची कोणतीही मुदत संपत नाही, म्हणून तो एवढा लोकप्रिय आहे.

पूर्वभाग

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. आपण अकरा सभा ऐकल्या, म्हणजे अकरा वेळा तरी पाण्याचा विषय निघाला असेल. उजनीतून शहराला पाणी येते आणि तरी नळाला ते दिवसांआड येते, हे प्रत्येक वक्त्याला माहीत असते. त्यांपैकी किती जणांनी 'किती दिवसांआड' हा आकडा उच्चारला? चित्रीकरण आपल्याकडे नसेल, पण आठवत असेल तर सांगावे.

खुर्चीमोजणीस

चित्रीकरण त्याच रात्री जमा करावे लागते, परंतु मी स्वतःसाठी एक छोटी वही ठेवली होती, ती आज काढून पाहिली. अकरापैकी नऊ मोठ्या सभा होत्या. त्यांत सात ठिकाणी पाण्याचा उल्लेख झाला. 'माताभगिनींच्या डोक्यावरचा हंडा' हे शब्द पाच वेळा आले. किती दिवसांआड हे एकानेही सांगितले नाही. तिसरा_तास यांनी दिलेले कारण मला पटते.

उरलेल्या दोन कोपरा सभा होत्या. त्यांतील एक आपल्याच भागात, एका गल्लीत झाली. व्यासपीठ म्हणजे एका घराचा ओटा, खुर्च्या चौतीस, एक ध्वनिक्षेपक, डी अजिबात नाही. उमेदवारापासून चार हातांवर बायका सुपे मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या आणि त्यांचे हात भाषणभर थांबले नाहीत. सुपातला तंबाखू सांडू नये म्हणून त्या टाळ्याही वाजवत नव्हत्या. उमेदवार म्हणाला की आपल्या भागात चार दिवसांआड पाणी येते, ही शरमेची गोष्ट आहे. त्यावर एका बाईने मान वर न करता म्हटले, "पाच." दुसरी म्हणाली, "आमच्या बोळात सहा." तो थांबला. दोन्ही बोळांची नावे त्याने विचारून घेतली, शेजारच्या कार्यकर्त्याला लिहून घ्यायला सांगितले, आणि त्याचे पुढचे ठरलेले भाषण जरा विस्कटले. कोणत्या मुद्द्यावर होतो हे त्याला आठवेना, म्हणून तो लवकर संपवून चहाला बसला.

त्याच रात्री पुढच्या चौकात त्याची दुसरी सभा होती आणि योगायोगाने तीही आमच्याच पथकाकडे होती. मी नेहमीप्रमाणे तारीख, ठिकाण आणि नाव उच्चारून कॅमेरा चालू केला. वहीत पुढची नोंद अशी आहे : खुर्च्या साठ, चहा दोन थर्मास, कमान नाही, पाणी पाच ते सहा दिवसांआड.